यंत्र बसवले, रुजवणार कोण?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या रानाच्या कडेला बोदलकसा आहे. थंडीत येणारे पक्षी आणि पाण्यावर उतरणारी संध्याकाळ पाहण्यासाठी पर्यटक तिथे जातात. त्या तलावाचा मातीचा बांध १९१७ साली पूर्ण झाला. शतक उलटून गेले, राज्यकर्ते बदलले, जिल्ह्याचे नावही बदलले (१९९९ पर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता), पण धानाला पाणी देणारे तलाव ही या प्रदेशाची ओळख कायम राहिली.

तलाव म्हणजे केवळ बांध नव्हे. मोरी केव्हा उघडायची, पाटाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचे, सांडव्याची डागडुजी आणि गाळाचा उपसा कोणी करायचा, याची व्यवस्था नसेल तर बांध म्हणजे मातीचा ढिगारा आणि तलाव म्हणजे डबके. स्थापत्यशास्त्र बांध बांधू शकते. पाणी वाटून घेण्याची रीत मात्र समाजालाच घडवावी लागते.

आज या तलावाची आठवण करून देण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातील मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत आणि साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सर्वत्र संगणक आले, अंतर्गत संगणकजाळी आली, मोबाईलवरील ॲप आली. उद्घाटने झाली, फिती कापल्या गेल्या, छायाचित्रे छापून आली. बांध उभे राहिले. पाण्याची पाळी मात्र कोणी ठरवली नाही. यंत्र बसवले गेले. ते रुजवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

तलाव सरकारजमा झाले तेव्हा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी हातांनी यांतील असंख्य तलाव घडवले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. मालगुजारी पद्धतीत शोषण होते, ती गेली हे योग्यच झाले. परंतु १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली तेव्हा तलावही सरकारजमा झाले, आणि गाव व तलाव यांच्यातील जिवंत नाते तुटले. गाळ काढणे हे गावाचे काम न उरता कचेरीचे काम झाले. कचेरी दूर होती, तिच्याकडे निधीची तरतूद नव्हती आणि कोणत्या तलावाची मोरी फुटली आहे हे तिला ठाऊकही नव्हते. तलाव गाळाने भरत गेले.

यातील धडा स्पष्ट आहे. ज्याच्या हाती व्यवस्था वापरणे आहे, त्याच्याच हाती ती दुरुस्त करण्याचा अधिकार असला पाहिजे. वापर गावात आणि दुरुस्ती राजधानीत अशी फारकत झाली की सर्वोत्तम रचनाही गाळात जाते. हा नियम मातीच्या बांधाला लागू आहे, तसाच तो संगणकाच्या पडद्यालाही लागू आहे.

वारणेने दिलेला धडा

महाराष्ट्राला हा धडा शिकण्याची संधी देशात सर्वांत आधी मिळाली होती. १९९८ साली, अटलजींच्या सरकारच्या काळात, कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या वारणा सहकारी समूहाभोवतीची सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. खर्चाचा वाटा केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी उचलला. गावोगाव संगणक केंद्रे उघडली गेली. शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव, शासकीय योजना आणि जमिनीचे दाखले हे सारे गावातच मिळेल, असे स्वप्न होते. स्वप्न वाईट नव्हते.

पण प्रत्यक्षात टिकले काय? उसाच्या वजनाची नोंद, तोडणीचा परवाना, खताची उचल आणि बिलाचा हिशेब. थोडक्यात, कारखाना आणि सभासद यांच्यात जो व्यवहार संगणक येण्यापूर्वीही रोज चालत होता, तेवढाच संगणकावर स्थिरावला. बाकीची स्वप्ने कागदावर राहिली. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने तेथे अभ्यास केला आणि काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल व लघुसंदेश वापरून पाहिला. शेतकऱ्याला जे हवे होते ते त्या दोन ओळींच्या संदेशात मिळत होते, तेही कमी खर्चात आणि घरबसल्या.

काही विद्वानांनी याला अपयश म्हटले, पण ते अर्धसत्य आहे. जेथे संगणक शेतकऱ्याच्या आणि कारखान्याच्या नित्य व्यवहाराशी जोडला गेला तेथे तो टिकला. जेथे तो दिल्ली-मुंबईच्या कल्पनेशी जोडला गेला तेथे तो धूळ खात पडला. तंत्रज्ञान कामाच्या मागोमाग आले तर रुजते. काम तंत्रज्ञानाच्या मागे फरफटत नेले तर दोन्ही बिघडतात. १९९८ चा हा धडा पुढील पंचवीस वर्षांत आपल्या प्रशासनाने कितपत लक्षात ठेवला?

दोन वह्यांचा कारभार

२०११ साली राज्यात 'संग्राम' म्हणजेच संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प आला. ग्रामपंचायतीत संगणक आणि तो चालवणारा परिचालक बसला. २०१६ पासून त्याची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रा'ने घेतली. २०२० च्या पंचायत राज दिनी केंद्राचे 'ई-ग्रामस्वराज' सुरू झाले. दरम्यान 'भारतनेट'ची केबल गावोगाव पोहोचू लागली. यादी प्रभावी आहे, आणि ज्यांनी ती घडवली त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पण ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाऊल टाकून पाहावे. ग्रामपंचायतीचा हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये ठेवला जातो. तो कागदावर लिहिला जातो, आणि तोच पुन्हा संगणकात भरला जातो. शासनाच्या एका विभागाला माहिती एका नमुन्यात हवी असते, दुसऱ्याला दुसऱ्या. जुनी वही बंद करण्याचे धैर्य वरिष्ठांना होत नाही, कारण लेखापरीक्षणाला कागद लागतो. आणि नवा पडदा सोडता येत नाही, कारण वरच्या आढावा बैठकीत टक्केवारी दाखवायची असते. संगणकाने काम अर्धे व्हायला हवे होते. ते दुप्पट झाले.

यावर एक साधी कसोटी सुचते. कोणत्याही संस्थेत संगणकीकरण झाले की नाही हे किती संगणक घेतले यावरून ठरवू नये. जुन्या किती वह्या बंद झाल्या यावरून ठरवावे. या कसोटीवर आपली किती कार्यालये उत्तीर्ण होतील?

आणि जो तरुण हे सारे चालवतो, त्या संगणक परिचालकाची स्थिती काय राहिली? पैसा ग्रामपंचायतीच्या निधीतून, नेमणूक कंपनीमार्फत, आदेश शासनाचा, आणि तो स्वतः कोणाचाच नाही! मानधन वेळेवर मिळावे, ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, यासाठी या तरुणांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. ज्या माणसाच्या बोटांवर 'डिजिटल ग्राम' उभे आहे, त्याला परका ठेवून ते ग्राम उभे राहील, अशी अपेक्षा बाळगणे म्हणजे पाटकऱ्याला वाऱ्यावर सोडून पाटाच्या पाण्याची वाट पाहणे होय.

छायाचित्रातील हजेरी

रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. १९७७ साली आपल्या राज्याने तिला कायद्याचे रूप दिले. हजेरीपटावर खोटी नावे चढतात, ही त्या योजनेची जुनी व्याधी. ती दूर करण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये मोबाईलवरून हजेरी घेण्याचे ॲप आणले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते देशभर सक्तीचे केले. मजुरांचे दिवसातून दोनदा, वेळ व स्थळासह छायाचित्र. उद्देश शुद्ध होता.

घडले काय? जेथे नेटवर्क मिळत नव्हते तेथे दिवसभर घाम गाळलेल्या मजुराची हजेरी अडकली. आणि ज्याला फसवायचे होते त्याने मात्र वाट शोधून काढली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकात मान्य केले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जातात, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जाते, नोंदीतील संख्या आणि चित्रातील माणसे जुळत नाहीत. प्रामाणिक माणूस अडला, लबाड सुटला!

हा दोष ॲपचा नाही. हजेरी खरी की खोटी हे ज्या गावाला डोळ्यांनी दिसते, त्या ग्रामसभेला बाजूला सारून दूरच्या पडद्यावर विश्वास ठेवणाऱ्या वृत्तीचा तो दोष आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा संमत केला आहे. योजना नवी होईल. पण हजेरीची चूक गावातच दुरुस्त करण्याचा अधिकार गावाला मिळाला नाही, तर जुनाच गाळ नव्या तलावात साचेल.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करतो. पहिल्या वर्षीच्या अडचणींनंतर त्यात सुधारणा करताना, केलेली नोंद ४८ तासांच्या आत एकदा स्वतःच दुरुस्त करण्याची मुभा शेतकऱ्याला देण्यात आली. बदल लहान, पण दिशा अचूक. धानाच्या प्रदेशात या नोंदीचे मोल मोठे आहे. सातबाऱ्यावर धान दिसला नाही तर खरेदी केंद्रावर धान विकायचा कसा? रानालगतच्या गावातील शेतकऱ्यासाठी ती एक चुकीची नोंद म्हणजे वर्षाच्या कष्टावर पडलेले पाणी आहे. म्हणूनच दुरुस्तीची ही वाट ४८ तासांपुरती न ठेवता अधिक रुंद केली पाहिजे.

अडाणी कोण?

यंत्रणा फसली की शहरी तज्ज्ञांचे एक ठरलेले उत्तर असते: खेड्यातील माणूस संगणकनिरक्षर आहे, त्याची मानसिकता बदलायला हवी. हे उत्तर जितके सोयीचे तितकेच उद्धट आहे. याच खेड्यातील माणसाने मोबाईल आपलासा केला. २०१६ मध्ये आलेली यूपीआयची देयकपद्धती त्याने वापरली. भाजीवाल्याच्या हातगाडीवरही तिची चौकट चिकटलेली दिसते. तेथे त्याची मानसिकता आड आली नाही. कारण तेथे त्याला उपयोग दिसला, पैसे पोहोचल्याची खात्री क्षणात मिळाली आणि एकच काम दोनदा करावे लागले नाही.

त्याआधी १९८५-८६ मध्ये रेल्वेच्या आरक्षणाचे संगणकीकरण झाले. ते भारतीय अभियंत्यांनी, भारतीय संस्थेत राहून, भारतीय रेल्वेच्या गुंतागुंतीच्या नियमांसह केले. आरक्षण खिडकीवरील जाडजूड वह्या खरोखरच बंद झाल्या. प्रवाशाला लाभ झाला आणि कारकुनाचे कामही सुकर झाले. त्या वेळी देशातील किती जण संगणकसाक्षर होते? मग अडाणी कोण? वापरणारा, की त्याला न विचारता त्याच्यासाठी रचना करणारा?

ठेंगडीजींचा प्रश्न

१९८४ हे वर्ष भारतीय मजदूर संघाने संगणकीकरणविरोधी वर्ष म्हणून पाळले होते. तेव्हा आधुनिकतेचा टेंभा मिरवणाऱ्यांनी या भूमिकेची हेटाळणी केली. आज काही आपलेच कार्यकर्ते त्या आठवणीने संकोचतात. संकोचण्याचे कारण नाही. विदर्भातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या त्या संघटनेने उपस्थित केलेला प्रश्न मूलभूत होता. यंत्र कोणासाठी? त्याचा निर्णय कोण करणार? काम करणाऱ्या माणसाचे स्थान काय? संगणक आला आणि राहिला. त्या अर्थाने काळाने वेगळा निवाडा दिला, हे प्रांजळपणे मान्य करावे. पण प्रश्न निकाली निघाला नाही. छायाचित्रात न मावलेला मजूर आणि मानधनासाठी उपोषणाला बसलेला परिचालक तोच प्रश्न आज पुन्हा विचारत आहेत.

या प्रश्नाच्या उत्तराची दिशा पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत दाखवली होती. आपले जे आहे ते युगानुकूल करावे आणि बाहेरचे जे घ्यायचे ते देशानुकूल करून घ्यावे, हे एकात्म मानवदर्शनाचे सूत्र. तंत्रज्ञानाचा आंधळा स्वीकार आणि आंधळा विरोध या दोन टोकांमधली ही मळलेली वाट नसून ती स्वतंत्र, कष्टसाध्य वाट आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीचे आंदोलन केले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर छपाईचे यंत्रही होते. यंत्र आले म्हणून नागरी लिपी टाकून रोमन स्वीकारा, असे त्यांनी म्हटले नाही. नागरीलाच यंत्रसुलभ करा, असे म्हटले. देशानुकूल आणि युगानुकूल यांचा मेळ यालाच म्हणतात.

संगणकाच्या बाबतीतही ही परंपरा आपल्याकडे होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक तर घडवलाच, पण भारतीय लिपी संगणकावर आणण्याचेही मोठे काम केले. दुर्दैवाने कार्यालयांनी पुढे वेगवेगळे, एकमेकांशी न जुळणारे फाँट वापरले. एका कार्यालयात टंकलेले मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की चिन्हांचा चिखल दिसे. मराठी १९६० च्या दशकातच राज्याची राजभाषा झाली. पण आजही कित्येक शासकीय पडद्यांवर शीर्षक मराठीत आणि चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत! चूक कोणती हेच ज्याला कळत नाही, तो ती दुरुस्त कशी करणार?

चावी कोणाच्या हाती?

दुरुस्तीच्या अधिकाराला आणखी एक बाजू आहे, ती राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची. २०२५ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने गुजरातमधील वाडीनार येथील तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने या कंपनीच्या ई-मेल व कार्यालयीन सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. भारतात नोंदलेली कंपनी, भारतीय कायद्याने चालणारी, पण तिच्या कार्यालयातील टपालाची चावी सातासमुद्रापार! जे एका कंपनीचे झाले ते उद्या एखाद्या बँकेचे, वीज मंडळाचे, महापालिकेचे होणार नाही, याची हमी कोण देईल?

केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे शासकीय ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेले, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण स्वदेशी म्हणजे केवळ विक्रेता बदलणे नव्हे. चेन्नईतून आणलेले यंत्रही गावाच्या कामाशी जुळवून घेतले नाही तर ते गावाला तितकेच परके राहील. चावी देशात आली ही पहिली पायरी. ती काम करणाऱ्याच्या हाती आली ही दुसरी. पहिलीवर समाधान मानून थांबणे परवडणारे नाही.

काय करावे?

मागण्या साध्या आहेत आणि त्यांना मोठा निधीही लागत नाही. नवी संगणक व्यवस्था सुरू करणाऱ्या आदेशातच जुनी कोणती वही कोणत्या तारखेला बंद होणार हे लिहिलेले असावे. ते लिहिता येत नसेल तर नवी व्यवस्था सुरू करू नये. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार शक्य तितक्या खालच्या पायरीवर, म्हणजे शेतकरी, ग्रामसभा, ग्रामपंचायत आणि ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे असावा आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद सर्वांना पाहता यावी. नेटवर्क नसेल तेव्हा कागदावरची नोंद ग्राह्य धरावी. यंत्राच्या अडचणीची शिक्षा मजुराला नको. पडद्यावरचा प्रत्येक शब्द मराठीत असावा. आणि व्यवस्था तयार होण्यापूर्वी ती ज्यांना वापरायची आहे त्यांच्याशी बोलणे व्हावे, नंतर केवळ प्रशिक्षणाचे वर्ग नकोत.

शासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हेही विसरता येणार नाही. समाजातील किती संस्था, पतसंस्था, शाळा आणि सेवाप्रकल्प आपल्या लोकांच्या हाती आहेत! तेथे काय चालते? बैठकीचे वृत्त वहीतही लिहायचे, समूहावरही टाकायचे आणि पुन्हा दूरध्वनीवरून विचारायचे, हा तिहेरी कारभार तेथेही आहेच. संघाने शताब्दी वर्षात समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात 'स्व'चा बोध आणि नागरिक कर्तव्य या दोन्ही गोष्टी आहेत. ज्या कार्यकर्त्याला संगणक येतो त्याने आठवड्यातील एक संध्याकाळ आपल्या गावच्या वा वस्तीतील सेवा केंद्रावर द्यावी. अडलेल्या शेतकऱ्याची नोंद, नाकारलेला अर्ज, न मिळालेली मजुरी यांचा पाठपुरावा करावा. आणि ग्रामसभेत उभे राहून विचारावे की, या वर्षी कोणती वही बंद झाली?

बोदलकशाचा बांध बांधणारे हात केव्हाच मातीत मिळाले. पण बांधाची खरी कसोटी तो बांधला गेला त्या दिवशी नव्हती. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचते की नाही, ही ती कसोटी होती आणि प्रत्येक हंगामात ती नव्याने लागते. गावोगाव बसवलेल्या यंत्रांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. राजधानीतील आलेख किती उंच गेला, याचे धान पिकवणाऱ्याला सोयरसुतक नाही. त्याच्या सातबाऱ्यावरची चूक त्याच्याच गावात, त्याच्याच भाषेत, त्याच दिवशी दुरुस्त झाली, तर यंत्र रुजले असे म्हणता येईल. तोवर ते केवळ बसवलेले आहे.